पुत्तनकरीचा एकुलता एक अनुयायी

पुत्तनकरीचा बांध फुटला, पैलीच्या शेतात छातीभर पाणी शिरलं आणि कापणीला आलेलं भात बुडालं. पण हे काही झालेलं नाही. कुणी सांगितलं नाही, कुणी ऐकलं नाही. बांध जागच्या जागी आहे, भात वाऱ्यावर डुलतंय आणि गोष्ट सुरू होतेय ती बांधाला पडलेल्या अंगठ्याएवढ्या भोकापासून.

भोक पहिल्यांदा पैलीलाच दिसलं. साहजिक होतं, कारण ते त्याच्याच शेताच्या कोपऱ्यात पडलं होतं. केरळातल्या या कुट्टनाडात नदी वर असते आणि शेत खाली. देवानं घाईघाईत उलटं ठेवलं आणि मग लाजेखातर सरळ केलं नाही, असं म्हातारे म्हणतात. दोघांच्या मधे चिखलाचा बांध. बाकीच्यांचं भात कापून घरात पडलं होतं. पैलीचं वाण उशिरा पिकणारं, त्यामुळं कापणीचं यंत्र पडावातून त्याच्याकडे यायला अजून आठवडा होता. तोवर भोक थांबलं तर वर्षाचा तांदूळ घरात, नाही थांबलं तर वर्षभर कप्पाचे कंद उकडून खायचे.

भोक पडलं की काय करायचं, हे पुत्तनकरीत तान्ह्या पोरालाही ठाऊक. चर्चची घंटा वाजवायची. घंटा ऐकली की लोक हातातलं टाकून येतात, कुणी नदीत बुडी मारून चिखल काढतं, कुणी टोपल्या पुढं देतं, कुणी पायानं तुडवतं आणि दुपारच्या जेवणाआधी भोक बुजतं. मग सगळे बांधावरच बसून कालवण जास्त तिखट झालंय की कमी, यावरून भांडतात. वर्षानुवर्षं हे असंच. पुढारी कोण आणि मागारी कोण, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांची तोंडं चिखलाकडं असायची.

पण यंदा भोकाची वेळ चुकली. नेमके त्याच सुमारास चर्चचे फादर, लुकोस अच्चन, एर्नाकुळमहून नेतृत्वाचं शिबिर करून परतले होते.

शिबिरात त्यांना बायबलातून नेतृत्व कसं काढायचं ते शिकवलं होतं. शिंपल्यातून मांस काढतात तसं. हा राजा घ्या, तो संदेष्टा घ्या, कथा बाजूला टाका आणि धडा चमच्यानं उचला. अच्चनचे डोळे परतल्यापासून चमकत होते. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर त्यांनी लोकांना थांबवून घेतलं.

"या पॅरिशमध्ये सगळी मेंढरं आहेत," ते म्हणाले. "मला मेंढपाळ हवेत."

"मग मेंढरं कोण होणार, अच्चन?" एलिक्कुट्टीनं विचारलं. ही पैलीची बायको. तिला प्रश्न पडला की ती तो विचारायची. लहानपणापासूनची खोड.

"तो पुढच्या शिबिराचा विषय आहे," अच्चन म्हणाले.

निवडीसाठी गिदोनची परीक्षा ठरली. गिदोनकडं लढायला माणसं फार झाली होती. देव म्हणाला, यांना पाण्यावर ने. जे गुडघे टेकून पाणी पितील त्यांना घरी पाठव, जे उभ्याउभ्या ओंजळीनं पितील ते कामाचे. दहा हजारांतून तीनशेच उरले. अच्चनना दहा-बारा उरले तरी चालणार होते. सगळ्यांना त्यांनी चर्चसमोरच्या धक्क्यावर, कालव्याच्या काठाला उभं केलं आणि म्हणाले, "प्या."

कुणी हललं नाही.

"प्या की!"

"अच्चन, हे पाणी?" रोसम्मा टीचर म्हणाल्या. त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना पहिलीत कान धरून शिकवलं होतं. "यात बदकं अंघोळ करतात. तीही नाइलाजानं."

"गिदोनच्या लोकांनी प्यायलं की नाही?"

"गिदोनच्या लोकांना कावीळ झाली की नाही, ते बायबलात कुठं लिहिलंय?"

पुत्तनकरीला चारी बाजूंनी पाण्यानं वेढलंय आणि त्यातला एक थेंब कुणी आयुष्यात प्यायलेला नाही. इथं पाणी म्हणजे जिरं घालून उकळलेलं, कोमट आणि पितळी किंडीच्या तोटीतून वरून तोंडात सोडलेलं. भांड्याला ओठ लावला तर सासू तीन दिवस बोलत नाही. शेवटी घंटा वाजवणारा कोच्चौसेप चर्चच्या स्वयंपाकघरातून जिऱ्याचं पाणी आणि अख्ख्या गावाच्या किंड्या घेऊन आला. लोक रांगेनं पुढं आले, मान मागं टाकली, गटगट प्यायले. आता वरून सोडलेलं पाणी प्यायला गुडघे टेकायची कुणाला गरज? एकानंही गुडघा टेकला नाही.

अच्चननी दोन्ही हात आभाळाकडं केले. "गिदोनला तीनशे मिळाले," ते म्हणाले, "मला सगळेच मिळाले!"

सगळेच नाही. पैलीची नवी चप्पल धक्क्यावरून घसरून कालव्यात पडली होती. तो गुडघ्यांवर बसून ती बाहेर ओढत असताना एलिक्कुट्टीनं त्याच्या तोंडात किंडी ओतली, कारण मागं रांग खोळंबली होती.

"पैली, नापास," अच्चन म्हणाले.

"अच्चन, चप्पल होती."

"गिदोनच्या वेळीही लोकांकडं काहीतरी सबब असेलच."

अशा रीतीनं पुत्तनकरीत सगळे नेते झाले आणि पैली अनुयायी. त्याला स्वतःला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण अच्चननी पुढचं जाहीर केलं. चर्चच्या सणाला बिशप येणार, आणि ज्यानं ज्यानं तोवर निदान एका माणसाचं नेतृत्व केलं असेल त्याच्या खांद्यावर बिशप स्वतःच्या हातानं शाल घालणार.

लोकांनी आजूबाजूला पाहिलं. मग सगळ्यांनी एकदम पैलीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. दारात रोसम्मा टीचर, हातात काठी.

"चल, पैली. मी तुला बाहेर काढायला आलेय."

"कशातून, टीचर?"

"दास्यातून."

"टीचर, मला आधी बांधाकडं जायचंय. भोक पडलंय. आज चिखल भरला तर..."

"कुरकुर सुरू झाली," टीचर समाधानानं म्हणाल्या. "मिसरच्या दास्यातून सुटलेल्या मोशेच्या लोकांनीही पहिल्याच दिवशी केली होती."

धक्क्यापासून पैलीच्या घरापर्यंत चालत जायला पान खाऊन थुंकण्याइतकाही वेळ लागत नाही. टीचरनी त्याला धक्क्यावर नेऊन ते अंतर दिवसभर चालवलं. मोशेनं दहा-बारा दिवसांची वाट चाळीस वर्षं पुरवली, त्यामुळं सरळ जाणं हे वाईट नेतृत्व ठरलं असतं. माडाच्या भोवती, बदकांच्या कुंपणाच्या भोवती, पुन्हा माडाच्या भोवती. दुपारी आकाशातून देवाचं अन्न, मान्ना पडला, म्हणजे टीचरच्या बहिणीनं माडीवरून आप्पम फेकले. एक पैलीच्या डोक्यावर बसला. वचनदत्त भूमी, म्हणजे पैलीचं घर, दिसू लागली तशी टीचर अंगणाच्या दाराशी थांबल्या. "मोशे आत गेला नव्हता," त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि घरी गेल्या.

पैली धावत बांधावर गेला. भोक आता मुठीएवढं झालं होतं. त्यानं अंधार पडेपर्यंत एकट्यानं चिखल भरला. सकाळी पाण्यानं तो सगळा आत ढकलून दिला होता.

त्यानंतर रोज कुणीतरी यायचं. एकानं त्याला बायबलातला राक्षस, गल्याथ, केलं आणि लांबून चिंचोके मारले. एकानं त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगायचं ठरवलं. पैली म्हणाला, मला स्वप्नात फक्त भोक दिसतं. तो म्हणाला, "बायबलातल्या राजाला सात गाई दिसल्या होत्या. सात भोकं दिसली असती तर काही सांगता आलं असतं. प्रयत्न करत जा रे जरा."

"अहो, तुम्ही नाही म्हणायला शिका," एलिक्कुट्टी म्हणाली.

"नाही म्हणालो होतो. ते म्हणाले, विरोध होणं हे नेतृत्व बरोबर चालल्याचं लक्षण आहे."

मग अवराचेट्टन आणि इट्टूप यांच्यात जुंपली. अवराचेट्टन हे चर्चचे विश्वस्त, गावातले वयानं आणि आवाजानं सगळ्यात मोठे. इट्टूपचं ताडीचं दुकान आणि एक म्हैस. दोघांनी एकाच सकाळी पैलीचा एकेक हात धरला आणि ओढत अच्चनकडं नेला.

"हा आधी मी पाहिला," अवराचेट्टन म्हणाले.

"मी तर रोज पाहतो," इट्टूप म्हणाला. "माझ्या दुकानात हा माझ्या सांगण्यावरूनच उठतो. ते नेतृत्व नाही तर काय?"

अच्चनचा चेहरा उजळला. अशा वादासाठी शलमोन राजाचा धडा होता, एका बाळावर दोघी आयांनी हक्क सांगितला तेव्हाचा, आणि तो अजून कोरा करकरीत पडून होता. "तलवार आणा," ते म्हणाले. तलवार नव्हती. कोच्चौसेप शहाळी सोलायचा कोयता घेऊन आला. "या माणसाचे दोन भाग करा. एक याला द्या, एक त्याला."

आता जो खरा नेता असेल तो कळवळून म्हणेल की नको, दुसऱ्याला द्या पण त्याला मारू नका. अच्चन डोळे मिटून ती हाक ऐकायला थांबले.

"उभा की आडवा?" अवराचेट्टननी विचारलं.

"आडवाच बरा," इट्टूप म्हणाला. "मला पाय द्या. दुकानापर्यंत चालत तेच येतात."

"चालेल. मला डोकं हवंय. मान हलवायला."

कोयता पाहून पैलीनं अशी किंकाळी फोडली की बदकं उडाली. अच्चननी डोळे उघडले. शलमोनाच्या नियमानं किंकाळी फोडेल ती खरी आई. तेव्हा पैली हा पैलीची आई आहे असा निवाडा झाला आणि त्याला त्याच्याच ताब्यात देण्यात आलं.

"अच्चन," पैली हात जोडून म्हणाला, "माझं भात जाईल. सणाला अजून दोन दिवस आहेत. एकदा घंटा वाजवा."

अच्चन वाईट माणूस नव्हते. त्यांनी घंटा वाजवली.

लोक धावत आले. नेहमीसारखे सगळे आले, म्हणून पैलीला रडूच फुटलं. मग त्याला दिसलं की कुणाच्याही हातात टोपली नाही. प्रत्येकाचा उजवा हात तेवढा वर होता.

"नेहेम्या!" अवराचेट्टन गरजले. नेहेम्यानं यरुशलेमची पडलेली भिंत उभी केली होती, आणि अच्चननी वाटलेल्या शिबिराच्या पुस्तकात त्याच्यावर सगळ्यात जास्त पानं होती. सगळ्यांनी ती वाचली होती. बांधावर सगळेच्या सगळे नेहेम्या उभे राहिले आणि बोटं दाखवू लागले.

"पैली, चिखल इकडं!"

"पैली, आधी बांबू!"

"पैली, या लोकांचं ऐकू नकोस, माझं ऐक!"

"पैली, तुझा मला अभिमान वाटतो," कुणीतरी मागून म्हणालं. प्रोत्साहनाचा धडा त्याच्या वाट्याला आला होता.

पैली टोपली घेऊन इकडून तिकडं पळत राहिला. भोकातून आता फणस गेला असता. शेवटी तो बांधाच्या कडेला मटकन बसला. एलिक्कुट्टी त्याच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "तुम्ही कशानं नापास झालात?"

"गुडघ्यानं."

"मग यांना टेकायला लावा की गुडघे."

पैलीनं तिच्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशा नजरेनं त्यानं तिच्याकडं पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो उठला आणि अच्चनपाशी गेला. "अच्चन, माणसाच्या हातात काही नाही. निदान जपमाळ तरी म्हणू या."

याला नाही म्हणणारा नेता पुत्तनकरीत जन्मायचा होता. अच्चननी गुडघे टेकले, मागोमाग बांधानं टेकले. ऊन रणरणत होतं. माळेचा पहिला फेरा होईतो सगळ्यांच्या घशाला कोरड पडली. एलिक्कुट्टी किंडी घेऊन ओळीनं फिरली आणि लोकांनी, गुडघ्यांवर बसल्याबसल्या, मान मागं टाकून पाणी घेतलं. अच्चननीही घेतलं.

"नापास!" पैली ओरडला. "सगळे नापास! गुडघे टेकून प्यायलात!"

रोसम्मा टीचरनी आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"हा दगा आहे," इट्टूप म्हणाला.

"गिदोननं तरी कुठं आधी सांगितलं होतं?" एलिक्कुट्टी म्हणाली.

अच्चन उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, पण माणूस सरळ. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "मीही नापास. आपण सगळे अनुयायी आहोत."

आणि मग फार सुंदर गोष्ट घडली. लोकांचे वर केलेले हात, जे घंटेपासून खाली आले नव्हते, ते खाली आले. खाली आलेले हात टोपल्या शोधू लागले. कुणी कमरेचा मुंडू वर खोचला, कुणी पाण्यात उतरलं. इट्टूपनं तर पैलीच्या पाठीवर थापही मारली. "सोड रे. पायच मागितले होते, ते पण प्रेमानं."

"थांबा."

सगळे थांबले. अनुयायीच ते, थांबणारच.

अवराचेट्टन उभे होते. ते मघापासून उभेच होते. त्यांचे गुडघे कैक वर्षांपूर्वी वातानं धरले होते. मिस्सातही ते उभेच असत, आणि लोकांना वाटे की हा देवाशी बरोबरीच्या नात्यानं वागतो. किंडीतलं पाणी त्यांनी ताठ उभं राहून घेतलं होतं.

"मी पास आहे," ते म्हणाले.

गिदोनला तीनशे मिळाले होते. पुत्तनकरीला एक मिळाला.

"हो चेट्टा, तुम्ही पास," पैली त्यांच्या पायाशी आला. "तुम्हीच नेते. फक्त एवढंच म्हणा, चिखल टाका. दोन शब्द. माणसं तयार आहेत, टोपल्या भरल्यात."

"मोने," अवराचेट्टन मायेनं म्हणाले. मोने म्हणजे पोरा. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो उजाडला होता आणि त्यांना तो घाईत संपवायचा नव्हता. "नेहेम्या यरुशलेमला पोहोचला. मग त्यानं पहिलं काय केलं? तीन दिवस काहीच केलं नाही."

"चेट्टा, तीन दिवस नाहीत आपल्याकडं."

"म्हणून मी संक्षेप करतोय. तीन दिवसांनंतर तो रात्री उठला आणि भिंतीची पाहणी केली." त्यांनी लोकांकडं पाहिलं. "रात्र झाली आहे."

भर दुपार होती. पण नेता म्हणतो रात्र, तर रात्र. सगळ्यांनी डोळे मिटले. भरलेल्या टोपल्या डोक्यावर तशाच. कोच्चौसेप तर घोरायलाही लागला, तो सगळंच मनापासून करायचा.

"नेहेम्याबरोबर एक जनावर होतं. त्यावर तो स्वार होता."

"चेट्टा, चालत बघा ना! हे काय, तुमच्या पायाशीच तर आहे भोक!"

"मोने, मी पायी पाहणी केली तर तो नेहेम्या होईल का? तो पाटबंधारे खात्याचा माणूस होईल."

जनावर म्हणजे गावात इट्टूपची म्हैस. चौघांनी डोळे मिटूनच तिला आणलं, त्यामुळं जरा वेळ लागला. चौघांनी अवराचेट्टनना वर चढवलं. गुडघे वाकत नसल्यानं पाय दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे ताठ राहिले. पाहणी सुरू झाली. म्हैस बांधावरून गंभीरपणे चालली. अवराचेट्टन डावीकडं पाहत होते, उजवीकडं पाहत होते, अधूनमधून "हं" म्हणत होते. पैली शेपटीशी चालत होता आणि त्याला वाटत होतं, अजून होईल. भोकापाशी पोचतील, पाहतील, दोन शब्द म्हणतील.

पोचले. पण म्हशीनं परीक्षा दिली नव्हती. ती ना नेता होती ना अनुयायी. तिला ऊन लागत होतं आणि भोकापाशी गार चिखल होता. ती त्यात बसली.

आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या भाकरीचा तुकडा मोडावा तसा बांध मोडला आणि नदी, जी इतके दिवस वरून वाकून पाहत होती, ती आत आली. म्हैस तरंगली. तिच्यावर अवराचेट्टन तरंगले, पाय आडवे, हात वर. ते पैलीच्या पिवळ्याधमक भातावरून सावकाश गेले, आणि ते पुढं जातील तसतसं मागचं भात दिसेनासं होत गेलं. बांधावर सगळे डोळे मिटून उभे होते.

"चेट्टा!" पैली छातीभर पाण्यातून ओरडला. "बांध फुटला!"

अवराचेट्टननी वळून पाहिलं. नेता संकटात डगमगत नाही, असा धडाच होता.

"फुटलेला नाही," ते म्हणाले. "फुटला असता तर मी सांगितलं असतं."

"नाही फुटला," बांधावरून सगळे एका सुरात म्हणाले, आणि आता डोळे उघडायचे का, असं रोसम्मा टीचरनी विचारलं.

तेव्हापासून पुत्तनकरीत बांध शाबूत आहे. सणाला बिशप आले, त्यांनी एकच शाल आणली होती असं नाही, पण एकच लागली. कापणीचं यंत्र पडावातून आलं, यंत्रवाल्यानं शेतात होड्या चाललेल्या पाहिल्या, डोकं खाजवलं आणि निघून गेला. पैली तुटका बांध भरायला माणसं मागायला दारोदार फिरला. सगळ्यांनी त्याला बसवून जिऱ्याचं पाणी दिलं, पाठ थोपटली आणि सांगितलं की आम्ही मनापासून आलो असतो, पण शाबूत बांध भरायचा कसा. इट्टूपच्या डोळ्यांत पाणी आलं. अच्चननी त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केला, चांगल्या पिकाबद्दल आभाराचा. तो अवराचेट्टनकडं गेला तेव्हा ते म्हणाले, "शेत कोरडं आहे, भात पिकलंय, मग कापत का नाहीस? आळस सोड, मोने."

पैली घरी आला. एलिक्कुट्टी कंद सोलत बसली होती. तिनं ताटली बाजूला सारली, हात पुसले आणि दोघांनी मिळून पुढचा मजकूर लिहिला. तो बिशपहाऊसला पोचल्याची पोच आलेली आहे.

"मा. बिशप महोदय यांस, अर्जदार पैली, राहणार पुत्तनकरी, सविनय सादर करतो की, अर्जदाराचे शेत नेत्यांच्या निर्णयानुसार पूर्णपणे कोरडे असून त्यातील भात कापणीस तयार आहे. मात्र ते सध्या पाण्याच्या तळाशी असल्याने अर्जदारास तेथे श्वास घेण्यास अडचण येते. सबब अर्जदारास कापणी पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या स्वरूपात, माशाच्या पोटात तीन दिवस जिवंत राहिलेला योना म्हणून घोषित करण्यात यावे, आणि त्यास गिळण्यासाठी एक मासा, आत विळा फिरवता येईल इतपत प्रशस्त, भाताच्या ओळीने सरळ पोहणारा आणि शक्यतो कोणतेही नेतृत्व शिबिर न केलेला, चर्चच्या खर्चाने त्वरित उपलब्ध करून देण्यात यावा, ही नम्र विनंती."